धावपट्टीखालचा माळ

१९११ च्या जानेवारीत औरंगाबादच्या माळावर एरंडेल जळल्याचा वास पसरला. घरोघरी लहान मुलांचं नाक दाबून पाजलं जायचं, तेच एरंडेल. आंरी जुलेरो नावाचा फ्रेंच वैमानिक लाकडी पट्ट्या, तारा आणि कापड यांनी बांधलेलं एक यंत्र तिथं घेऊन आला होता. ब्रिस्टल कंपनीचं हे विमान 'बॉक्सकाइट' म्हणून ओळखलं जाई आणि दिसायलाही ते पेटीच्या आकाराच्या पतंगासारखंच होतं. त्याच्या ५० अश्वशक्तीच्या नोम इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल लागे. इतर तेलं पेट्रोलमध्ये विरघळून जात, एरंडेल टिकून राही. ते इंजिन पंख्याबरोबर स्वतःही गरगर फिरायचं आणि जळकं तेल मागे फेकत राहायचं.

त्या दिवसांत तिथं घोडदळाचा युद्धसराव चालू होता. जुलेरोच्या मागे कॅप्टन सेफ्टन ब्रँकर हा लष्करी अधिकारी बसला. दोघं वर गेले, समोरच्या बाजूच्या तुकड्या कुठे आहेत ते ब्रँकरनं वरून हेरलं आणि खाली येऊन आपल्या सेनापतीला कळवलं. भारतात विमानातून झालेल्या अगदी सुरुवातीच्या लष्करी टेहळण्यांपैकी ही एक. आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात ती झाली.

विमानविद्येच्या इतिहासात जुलेरोचं नाव आहे, ब्रँकरचं आहे, विमानाचं आणि इंजिनाचंही आहे. जमिनीचा उल्लेख मात्र 'औरंगाबाद' एवढ्या एका शब्दात आटोपतो. कोणता माळ, तिथं कोणत्या गावची गुरं चरत, विमान गेल्यावर त्या जमिनीचं काय झालं, हे इतिहास विचारत नाही. मला वाटतं, तिथूनच विचारायला सुरुवात करावी. विमान उडतं आकाशात, पण त्याला जन्म देते आणि परत पोटाशी घेते ती जमीन. आकाशाचा इतिहास शोधायचा तर मातीत शोधावा लागतो, आणि ही माती आपल्या ओळखीची आहे.

तळ

आपण 'विमानतळ' म्हणतो. हा 'तळ' आपल्याकडे विमानाच्या कितीतरी आधीपासून आहे. फौज तळ देते, तांडा तळ टाकतो. पंढरीच्या वाटेवर गावोगावी पालखीतळ असतो. आषाढीच्या वारीत एखाद्या मुक्कामी तिथं राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, टाळमृदंग घुमतो. पालखी पुढे गेली की जमीन पुन्हा मोकळी. वर्षभर तिथं मुलं खेळतात, गुरं बसतात. तरी गावातल्या कुणालाही विचारा, पालखीतळ कुठला ते तो बोटानं दाखवतो.

पहिली विमानं ज्या जमिनींवर उतरली त्या अशाच होत्या. एक-दोन दिवसांसाठी तळ झालेल्या, एरवी दुसऱ्याच कामाच्या. 'एरोड्रोम' हा जुना शब्दही तेच सांगतो. त्यातला 'ड्रोम' ग्रीक आहे, अर्थ धाव, शर्यतीची जागा. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाला ग्रीक लोक हिप्पोड्रोम म्हणत. घोड्याच्या जागी हवा आली आणि एरोड्रोम झालं. नाव असं शर्यतीच्या मैदानावरून आलं आणि पुष्कळदा विमानही तिथंच उतरलं.

तिकीट काढून पाहायचं आकाश

माणूस आकाशात जाताना पाहायचं, त्यासाठी जमायचं आणि पैसे द्यायचे, ही रीत विमानाहून जुनी आहे. मुंबईत १८७७ मध्ये जोसेफ लिन हा फुगेवाला लालबागच्या बागेतून आपल्या मोठ्या फुग्यात बसून वर गेला आणि दादरला उतरला. त्या काळी लालबाग ही खरोखरच बाग होती, गिरणगावाचा गजबजाट व्हायचा होता. म्हणजे विमानतळांच्या वंशावळीत सर्वांत आधी येते ती बाग.

मराठी माणूस इथं शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव घेतो. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा आपल्याकडे फार प्रेमानं सांगितली जाते. ते विमान उडाल्याची त्या काळातली विश्वासार्ह नोंद आजवर पुढे आलेली नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार या संदर्भात दिला जातो, त्यातली विमानं उडू शकणारी नाहीत, असा निष्कर्ष बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. म्हणून मी ती कथा इतिहास म्हणून सांगत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथंही चौपाटीची मोकळी वाळू आहे आणि भोवती जमलेली माणसं आहेत. विमान म्हटलं की मोकळी जागा आणि गर्दी हे चित्र आपल्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं आहे.

जगात हे चित्र खऱ्या अर्थानं उभं राहिलं ते १९०९ च्या ऑगस्टमध्ये, फ्रान्समधल्या रँस शहराजवळ बेतेनीच्या पठारावर. महिनाभरापूर्वीच, २५ जुलैला, लुई ब्लेरिओ इंग्लिश खाडी ओलांडून गेला होता. आठवडाभर चाललेल्या रँसच्या मेळाव्याला लाखो माणसं लोटली. त्यानंतर युरोपातल्या शहरांना असे मेळावे भरवायची चढाओढ लागली, विमानांच्या कंपन्यांना गिऱ्हाईक हवं होतं आणि वैमानिकांना बिदागी. युरोपात हिवाळा आला की उडणं अवघड होई. आपल्याकडे तेव्हाच आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला. १९१० च्या डिसेंबरात विमानं हिंदुस्थानात आली ती या हिशोबानं. लाकडी पेट्यांत सुटे भाग भरून, बोटीनं.

मद्रासमध्ये त्याआधीच, १९१० च्या मार्चमध्ये, जाकोमो दांजेलिस या हॉटेल चालवणाऱ्या माणसानं तिथल्याच सिम्पसन कंपनीकडून बांधून घेतलेलं विमान उडवलं होतं. डिसेंबरात कलकत्त्याला टॉलीगंजच्या क्लबाच्या मैदानावर बॅरन द कातेर आणि ज्यूल टिक या बेल्जियन वैमानिकांनी उड्डाणं केली. अलाहाबादला औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, तिथं कॅप्टन वॉल्टर विंडहॅम हंबर कंपनीची विमानं घेऊन आला आणि ती पोलोच्या मैदानावरून उडू लागली.

क्लब, पोलो, रेसकोर्स. विमानाला हीच मैदानं का लागली? एक तर ती सपाट आणि झाडं नसलेली होती. दुसरं, त्यांना कुंपण होतं, त्यामुळे तिकीट लावता येई. तिसरं कारण विमानाच्या पोटातलं आहे. त्या काळच्या हलक्या विमानाला आडवा वारा सोसत नसे, वाऱ्याला तोंड देऊनच ते उठे आणि बसे. म्हणून लांबट पट्टी नको, चारी दिशांना मोकळी जागा हवी. ब्रेक नव्हतेच. शेपटीखाली एक लाकडी टेकण असे, ते जमिनीत रुतत, माती उकरत जाई आणि विमान थांबे. त्या विमानाला मऊ जमीनच हवी होती. सिमेंटवर ते घसरत गेलं असतं. विमानाचं थांबणं मातीच्या हातात होतं.

जांभळट शिक्का

टपाल तिकिटांच्या एका प्रदर्शनात मी अलाहाबादचं एक पाकीट काचेआडून पाहिलं होतं. कागद पिवळा पडलेला, पत्ता काळ्या शाईत, तिरक्या अक्षरात. त्यावर जांभळट गुलाबी रंगाचा गोल शिक्का. शिक्क्यात डोंगरांवरून जाणारं एक विमान, भोवती 'पहिलं हवाई टपाल' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं आणि १९११ हे साल. शाई एका कडेला जरा फिसकटली होती. कुणा टपाल कारकुनाचा हात घाईत पडला असणार, कारण त्याच्यापुढे अशा पाकिटांचे ढीग होते.

हे टपाल एका वसतिगृहासाठी निघालं. अलाहाबादच्या ऑक्सफर्ड अँड केंब्रिज होस्टेलला पैसे हवे होते. विमानानं पत्रं न्यायची, त्यासाठी जादा शुल्क घ्यायचं आणि ती रक्कम होस्टेलला द्यायची असं ठरलं. टपाल खात्यानं परवानगी दिली. सुमारे ६,५०० पत्रं जमली. १८ फेब्रुवारी १९११ च्या संध्याकाळी २३ वर्षांचा वैमानिक आंरी पेके ती पिशवी घेऊन उठला, यमुना ओलांडली आणि नैनीला उतरला. अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर. तिथून पत्रं नेहमीच्या आगगाडीनं जगभर गेली.

जगातली पहिली अधिकृत हवाई टपालफेरी म्हणून ती मानली जाते. पण जमिनीच्या बाजूनं पाहिलं तर तिचा आणखी एक अर्थ लागतो. तोवर आपल्याकडे विमान बहुधा ज्या मैदानातून उठे त्याच मैदानात उतरे, कारण पैसे देणारी माणसं तिथं बसलेली असत. या वेळी ते दुसरीकडे उतरलं. एक मैदान दुसऱ्या मैदानाला जोडलं गेलं आणि त्यातून वाट तयार झाली.

औरंगाबादची गोष्ट याच हिवाळ्यातली. कलकत्त्यात खेळ करणारी ब्रिस्टलची मंडळी विमान घेऊन दख्खनमध्ये आली आणि तिथं प्रेक्षक बदलले. टॉलीगंजला तिकीट काढलेले लोक वर पाहत होते, औरंगाबादला विमानातला माणूस खाली पाहत होता. या एका फरकानं पुढचं शतक बदललं. कॅप्टन ब्रँकर पुढे ब्रिटनच्या नागरी विमानखात्याचा प्रमुख झाला. ५ ऑक्टोबर १९३० रोजी आर-१०१ हे महाकाय हवाई जहाज फ्रान्समध्ये कोसळलं, त्यात तो गेला. ते जहाज कराचीला निघालं होतं. त्याच्यासाठी कराचीत मनोरा आणि प्रचंड मोठी शेड बांधून तयार होती. ती शेड वाट पाहत राहिली, जहाज पोचलंच नाही.

खाजणातलं जुहू

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनकडे विमानं शिल्लक राहिली होती. त्यातली १०० हिंदुस्थान सरकारला मिळाली. १९२० च्या जानेवारीत हवाई दलानं कराची ते मुंबई टपाल सुरू केलं आणि काही आठवड्यांत ते थांबलं. पुढची हालचाल व्हायला १९२७ उजाडलं. त्या वर्षी नागरी विमान वाहतुकीचं स्वतंत्र खातं निघालं आणि मग शहरोशहरी फ्लाइंग क्लब उभे राहू लागले.

मुंबईला जागा मिळाली जुहूची, १९२८ मध्ये. तेव्हाचं जुहू म्हणजे समुद्र, वाळू, ताडामाडाची झाडं आणि मागे खाजण. खाजण हा शब्द कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. भरतीचं खारं पाणी जिथं आत येतं आणि ओहोटीला चिखल ठेवून जातं, ती ही जमीन. शेतीला अवघड, वस्तीला नकोशी, म्हणून मोकळी. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांच्या हातात भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना पडला. त्यांचं उडणं या खाजणाशी बांधलेलं होतं.

त्याच सुमाराला नेव्हिल व्हिन्सेंट आणि न्यूऑल हे हवाई दलातून बाहेर पडलेले दोघं जुनी लष्करी विमानं घेऊन देशभर फिरत होते. गावाबाहेरच्या मैदानावर उतरायचं, लोक जमले की कसरती दाखवायच्या आणि पैसे देईल त्याला वर फिरवून आणायचं. तंबूच्या सिनेमासारखाच हा व्यवसाय. पुढे १९३३-३४ च्या हिवाळ्यात कॅप्टन बर्नार्ड विमानांचा एक ताफाच घेऊन आला आणि शहरोशहरी त्याचे हवाई खेळ झाले.

विसरलेल्या विमानतळांची खरी सुरुवात या फिरत्या खेळांतून झाली असं मी मानतो. विमान उतरवायचं तर आधी जागा बघावी लागे. दगडगोटे वेचायचे, बांध फोडून सपाट करायचे, वारुळं मोडायची. वरून दिसावं म्हणून चुन्याचं मोठं पांढरं वर्तुळ आखायचं. काठीला कापडाची पिशवी बांधायची, म्हणजे वारा कुठून येतोय ते कळतं. तेवढंही नसेल तर ओलं गवत पेटवून धूर करायचा. पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून ठेवायचे. एवढं झालं की तळ तयार. चार दिवसांनी चुना पावसानं किंवा पायांनी पुसला जाई, काठी कुणाच्या तरी मांडवाला लागे. जमीन पुन्हा गायरान.

याच व्हिन्सेंटनं टाटांकडे हवाई टपालाची योजना नेली. दोन लाख रुपयांच्या भांडवलावर ती उभी राहिली. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जे. आर. डी. एका छोट्या पुस मॉथ विमानातून टपालाची पिशवी घेऊन कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायचं होतं. ते बर्मा शेलच्या चार-चार गॅलनच्या डब्यांत भरून बैलगाडीतून मैदानावर आलं. क्षणभर हे डोळ्यांपुढे आणावं. विमान उभं आहे, इंजिन तापलेलं आहे आणि बैल शांतपणे रवंथ करतायत. टाटांचं हे पहिलं हवाई टपाल बैलांच्या खांद्यांवरून गेलं आहे. ते पत्र्याचे डबे तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. रिकामे झाले की त्यांना दांडी ठोकून पाणी भरायचं, फोडून सपाट केले की छपराला लावायचे.

दुपारी विमान जुहूला उतरलं. तिथून पुढचं टपाल व्हिन्सेंट बल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेला. पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेनं सुमारे १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलं.

पण पावसाळा आला की खाजण आपली मूळची जात दाखवी. जुहूचं मैदान चिखलात जाई. मग विमानं, वैमानिक, मेकॅनिक असा सगळा संसार उचलून पुण्याला न्यायचा आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर उतरायचं. घाटावर पाऊस कमी, जमीन निचऱ्याची. कोकणातून देशावर गुरं चारायला न्यावीत तशी विमानं पावसाळा काढायला पुण्याला जात. आज पुण्याचा विमानतळ म्हटलं की लोहगाव. येरवड्याच्या मैदानानं चार महिने देशाचं टपाल पेललं, हे त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

सिमेंट

१९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूरला उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ झाला. हा तळ संस्थानच्या प्रतिष्ठेचा होता आणि माळ करवीरचाच होता. त्याच वर्षी लोहगावला हवाई दलाचा तळ उभा राहू लागला, आणि सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटलं.

युद्धानं विमान जड केलं. बाँब, पेट्रोल, माणसं भरलेली विमानं मऊ मातीत रुतू लागली. शिवाय युद्ध पावसाळ्यात थांबत नाही. म्हणून सिमेंट आलं. सिमेंट महाग, ते सगळ्या मैदानावर ओतता येत नाही, म्हणून वाऱ्याची मुख्य दिशा पाहून एक लांबलचक पट्टी आखली गेली. चारी बाजूंना मोकळं असलेलं मैदान गेलं, धावपट्टी आली. थांबायला आता मातीची गरज नव्हती, चाकांना ब्रेक आले होते. विमान आणि माती यांचं नातं इथं तुटलं.

एक-दीड मैल सरळ आणि सपाट जमीन मागितली की ती नेहमीच माळाची मिळत नाही. मग पट्टी शेतावर येते. कल्याणजवळ नेवाळीला १९४२-४३ च्या सुमाराला तसंच झालं. आजूबाजूच्या अनेक गावांची मिळून सोळाशेहून अधिक एकर जमीन युद्धाच्या विमानतळासाठी घेतली गेली. युद्ध संपलं, विमानं गेली, पट्टी उरली. जमीन युद्धापुरती घेतली होती, ती परत मिळायला हवी, असं शेतकरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले. जमीन रीतसर संपादित झाली, ती संरक्षण खात्याची आहे, असं सरकार सांगत आलं. मधल्या काळात लोक ती कसत राहिले. २०१७ च्या जूनमध्ये तिथं भिंत घालायचं काम सुरू झालं आणि संतापाचा भडका उडाला. रस्ते अडवले गेले, गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली.

बातम्यांत ते जमिनीचं आंदोलन होतं आणि ते बरोबरच आहे. पण या मागोव्यात त्याची जागा आणखी एका कारणासाठी आहे. जगात इतरत्र विसरलेले विमानतळ शोधायला हौशी माणसं जुने नकाशे घेऊन फिरतात. नेवाळीच्या माणसाला शोधायची गरज पडली नाही. तो विमानतळ त्याच्या घरात होता. आजोबांच्या तोंडी, फेरफाराच्या नोंदीत, सातबाऱ्यावरच्या नावात. वैमानिक जो तळ केव्हाच विसरले, तो ज्याची जमीन गेली त्यानं पंचाहत्तर वर्षं लक्षात ठेवला. त्या स्मरणात वेदना आहे, म्हणून ते टिकलं. विमानतळांचा इतिहास लिहिताना या साक्षीला बाजूला ठेवता येणार नाही.

याच युद्धानं सांताक्रूझचा तळ मोठा केला. युद्धानंतर मोठी विमानं तिकडे गेली आणि जुहू मागे पडलं. मागे पडलं तरी ते आकाशातून दिसत राहिलं. १९५३ च्या जुलैत एक कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरलं, आणि काही दिवसांनी ते कसंबसं तिथून उडवून नेण्यात आलं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच चुकून जुहूला उतरलं आणि पट्टी संपून पुढे गेलं. सुदैवानं कुणाचा जीव गेला नाही, विमान मात्र निकामी झालं. जमिनीवरची माणसं जुना तळ विसरतात, पण वरून येणाऱ्याला तो तळच दिसतो. सपाट जमिनीचं स्वतःचं एक बोलावणं असतं.

कसं शोधावं

माझ्या ओळखीच्या काहींना असे विसरलेले तळ शोधायचा नाद लागला आहे आणि मलाही. त्यातून जे कळलं ते सांगतो, कारण हे काम जिल्ह्याजिल्ह्यात व्हायला हवं.

पहिली वाट नकाशांची. युद्धाच्या काळातल्या जुन्या नकाशांवर कित्येक ठिकाणी 'लँडिंग ग्राउंड' अशी बारीक अक्षरं सापडतात. ती जागा आजच्या उपग्रहचित्रावर शोधायची. शेतांचे बांध ओढ्यांप्रमाणे आणि उताराप्रमाणे वळणं घेत जातात. त्यांच्यामधूनच एखादी रेघ कुणाचंही न ऐकता सरळ जात असेल, तर थांबून पाहावं. मुरूम दाबून रोलर फिरवलेली जमीन नांगराला लवकर दाद देत नाही. तिच्यात मुळं खोल जात नाहीत, पावसाचं पाणी मुरत नाही. पिकाच्या उंचीत आणि रंगात तो फरक दिसतो, विशेषतः उन्हाच्या ताणात.

दुसरी वाट नावांची. कागदावर नाव काहीही असो, लोकांच्या तोंडी शेताला नाव असतं. विमान नसलेल्या गावात विमानाचं नाव घेतलेला माळ, नाका किंवा बसथांबा असला तर ते नाव हवेतून आलेलं नसतं.

तिसरी वाट दप्तराची. गाव नमुने, जुने फेरफार, संपादनाचे कागद. चौथी वाट माणसांची आणि ती सर्वांत घाईची. ज्यांनी लहानपणी त्या पट्ट्यांवर विमान उतरताना पाहिलं ती माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना 'विमानतळ कुठे होता?' असं विचारू नये. 'विमान पाहायला कोण कोण गेलं होतं?' असं विचारावं. मग वाट सापडते. कुणी आजी सांगते की भाकरी बांधून बैलगाडीतून गेलो होतो. कुठल्या वाटेनं गेला होतात, असं विचारलं की ती रस्ता सांगते, ओढा सांगते, झाड सांगते आणि आपण नेमके त्या माळावर जाऊन उभे राहतो.

तिथं पाहायला बहुधा काहीच नसतं. गवत असतं, कुसळं पायात शिरतात, कडेला एखादा सिमेंटचा तुकडा उपडा पडलेला असतो. तरी अशा ठिकाणी गेलं की मी थोडा वेळ थांबतो आणि वारा कुठून येतोय ते पाहतो. कारण तेव्हाच्या वैमानिकानंही उतरण्याआधी तेच पाहिलेलं असतं. मग मोबाइलवर जागेची खूण करतो, गावाचं नाव, माळाचं नाव आणि सांगणाऱ्याचं म्हणणं वहीत उतरवतो.

पालखीतळ कुणी विसरत नाही, कारण दर आषाढीला तिथं पालखी परत येते. विमानाचे हे तळ विसरले गेले, कारण तिथं पुन्हा कुणी उतरलं नाही. म्हणून त्यांच्याकडे आपणच जायला हवं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शाळेची सहल नेता येईल, गावच्या नोंदवहीत दोन ओळी लिहिता येतील, आजोबांना गाडीत बसवून त्या माळावर नेता येईल. औरंगाबादच्या माळावरच्या एरंडेलाचा वास तर आता कुणाला येणार नाही. पण तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या पट्टीवर विमान उतरताना पाहिलेला एक माणूस कदाचित अजून ओट्यावर बसलेला असेल. या रविवारी त्याच्याकडे जा.